कार्डावरचं शून्य

लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागतो. दिवाळी अंकात ज्यांचे अनुभव छापून येतात ती माणसं मोठी असतात. कुणी कलेक्टर, कुणी सर्जन, कुणी जंगलखात्यातले. मी कोल्हापुरात पंधराएक वर्षं लोकांच्या बंगल्यांतल्या पोहण्याच्या तलावांचं पाणी तपासत होतो. संपादकांचं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं नाव मी दोनदा वाचलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. अजूनही चार ओळी लिहिल्या की कुणीतरी मागं उभं राहून शुद्धलेखन तपासतंय असं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या कामात एका माणसाची नोकरी माझ्यामुळं गेली. बाकीचं जे लिहिणार आहे ते तिथपर्यंत पोचायचा धीर यावा म्हणून.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, रसायनशास्त्र घेऊन. मुरगूडहून रोज येणं-जाणं परवडेना म्हणून कोल्हापुरात एका खोलीत चौघं राहायचो. शाहूपुरीत एका जिन्याखाली पाणी तपासायची छोटी लॅब होती. तिचे मालक आधी शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. सर विहिरी आणि बोअरच्या पाण्याचे रिपोर्ट द्यायचे. नव्वदनंतर गावात हळूहळू एक नवीन गोष्ट यायला लागली. फौंड्रीवाले, गुळाचे व्यापारी, सोन्या-चांदीवाले बंगल्याच्या मागं पोहण्याचे तलाव बांधायला लागले. बांधून झाल्यावर महिन्याभरात पाणी हिरवं व्हायचं, आणि मग धावाधाव. सरांनी हे ओळखलं आणि मला सायकल व एक लाकडी पेटी दिली.

वडील मुरगूडच्या बाजारात हमाली करायचे. काम काय आहे हे त्यांना सांगताना माझी पंचाईत झाली.

"घरात हीर बांधत्यात?" त्यांनी विचारलं.

"विहीर नाही. तलाव. पोहायला."

"रंकाळा हाय, पंचगंगा हाय, आन घरात कशाला? बरं, पाणी बदलत्यात का रोज?"

"नाही. तेच पाणी असतं. वर्ष-वर्ष."

"मग शिळं न्हाय व्हत?"

मी म्हटलं, तेच काम आहे माझं. शिळं होऊ न देणं. पुढं कित्येक गिऱ्हाइकांना मी हे काम समजावून सांगितलं, पण वडिलांच्या त्या प्रश्नाइतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. तलावाचं पाणी मोटारीनं ओढून वाळूच्या गाळणीतून फिरवतात आणि परत सोडतात. त्यानं कचरा जातो, जंतू जात नाहीत. जंतूंसाठी क्लोरीन. क्लोरीन कमी पडलं तर पाणी बिघडतं, जास्त झालं तर माणूस बिघडतो. शिवाय पाण्याचा सामू, म्हणजे आंबटपणा किती हेही बघावं लागतं, कारण तो हलला की क्लोरीन आळशी होतं. पेटीत काचेच्या नळ्या, रंगांपुढं क्लोरीनचे आकडे छापलेली पट्टी आणि दोन बाटल्या असायच्या. एकीतले थेंब टाकले की क्लोरीनचा पिवळा रंग यायचा. हळदीच्या पाण्यासारखा फिकट आला तर ठीक. रंगच आला नाही तर पाणी उघडं पडलंय. केशरी किंवा तांबडा आला तर कुणालाही उतरू द्यायचं नाही. निकाल एका कार्डावर लिहून सही करायची आणि ते कार्ड पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवायचं.

माझा पहिला बंगला नागाळा पार्कातला. मालकांची फौंड्री होती. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. मी तलावाच्या काठावर गुडघे टेकले, बाटली घेतली आणि हात पाण्यात घालायच्या आधी मागं वळून बघितलं. का बघितलं ते सांगायला हवं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याआधीच्या गोष्टी वडील सांगत नसत, पण एक सांगितली होती. त्यांच्या लहानपणी आमची माणसं विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, आणि कुणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. मी शिकलेला, खिशाला पेन लावलेला. तरी दुसऱ्याच्या पाण्यात हात घालताना मान आपोआप मागं गेली.

मागं कोणी मालक नव्हते. लांब काठीच्या जाळीनं पानं काढणारा, मुंडासं बांधलेला एक पन्नाशीचा माणूस होता.

"काय बघालायसा? घाला की हात. कोपरापतोर घाला. वरचं पाणी खोटं असतंय."

पुस्तकातही तेच होतं: नमुना नेहमी कोपराइतक्या खोलीवरून घ्यावा. ते माझ्या आधी या माणसाला माहीत होतं. हे शिदूमामा. शिरोळ तालुक्यातले, नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यातले. दादासाहेबांकडं आधी बागेला होते, तलाव झाल्यावर त्यांच्याकडंच तलाव आला. काम आटोपल्यावर त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. मी दोन्ही सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि पंपाच्या खोलीतल्या स्टोव्हवर चहा ठेवला. चहा दोन कपांत ओतला. दोन्ही कप एकाच जोडीतले होते. हे लिहिण्यासारखं आहे का मला ठाऊक नाही, पण मी ते विसरलेलो नाही.

मामांकडं परत येतोच. आधी बाकीच्या गिऱ्हाइकांबद्दल थोडं, नाहीतर तुम्हाला वाटेल की या कामात फक्त दुःखच होतं. तसं नव्हतं. मला हे काम फार आवडायचं.

एका गूळव्यापाऱ्यांनी नवीन तलावाची वास्तुशांत केली. नृसिंहवाडीच्या संगमावरून कळशीभर पाणी आणलं, ते ठीक. नारळ, हळदकुंकू, अक्षता, तेही चालवून घेतलं असतं. पण भटजींनी सांगितल्यावरून घागरभर म्हशीचं दूध ओतलं. आठवड्यानं मी गेलो तर पाणी ताकासारखं.

"दुधानं झालंय," मी भीत भीत म्हणालो.

"म्हंजे? देवाला घाटलेलं दूध खराब म्हणतायसा?"

"दूध चांगलंच होतं. पाणी खराब झालं."

त्यांनी वाकून ओंजळभर पाणी उचललं. मग म्हणाले, "मग आता काय करू? इरजण लावू?"

एक वस्ताद होते. त्यांचा तलाव म्हणजे तालमीचंच एक अंग. पोरं लाल मातीतून उठायची आणि थेट पाण्यात. मातीपेक्षा तेलानं घोटाळा व्हायचा. गाळणीतली वाळू खव्यासारखी गोळा होऊन यायची. मी सांगितलं, पोरांना आंघोळ करून उतरायला लावा. वस्ताद भडकले. "आंगूळ करूनच उतरत्यात! त्याल आंगुळीनं जातंय व्हय? पाच वर्सं मुरलंय त्ये अंगात." शेवटी शिकेकाईवर तडजोड झाली. पहिलवानांची रांग शिकेकाई चोळत उभी आहे आणि मी पेटी घेऊन परीक्षकासारखा त्यांच्यासमोर, हे चित्र मला आजही दिसतं.

आणि रुईकर कॉलनीतल्या त्या वहिनी. त्यांची तक्रार अशी की क्लोरीनचा वास फार येतो, कमी करा. आता यातली गंमत ही की तलावाला जो उग्र वास येतो तो पुष्कळदा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि इतर गोष्टींशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास तयार होतो. म्हणजे क्लोरीन कमी पडतंय, आणखी टाका, असा त्याचा अर्थ. हे मी त्यांना सांगत होतो.

"इतर गोष्टी म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

मी तेवीस वर्षांचा होतो. म्हणालो, "नैसर्गिक कारणं."

पलीकडं झोपाळ्यावर त्यांच्या सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या ओरडल्या, "पोरं मुतत्यात म्हणा की सरळ! लाजतायसा काय?"

वासाचा हा नियम मी सरांच्या पुस्तकातून पाठ केला होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानानं सांगायचो. लोकांचं नाक चुकतं, नळी चुकत नाही. हे वाक्य माझंच होतं. आता लिहायलाही नको वाटतं.

फक्त एका माणसाचं नाक चुकायचं नाही. दर शनिवारी मी नागाळा पार्कात गेलो की शिदूमामा काठावर बसून सांगायचे, "आलं बगा पाण्याचं डॉक्टर. थांबा, नळी भरू नगासा. आज दीड हाय." मी थेंब टाकायचो, रंग पट्टीशी लावून बघायचो, आणि दीड निघायचं. कधी दोन म्हणायचे, तेव्हा दोन. मामा गुडघ्यावर थाप मारायचे. "आमचं नाक बी.एस्सी. हाय!" असं चार-पाच वर्षं चाललं. त्यांची पोरगी लग्नाची होती, मुलगा शाळा सोडून ट्रॅक्टरवर होता. माझी एम.एस्सी. बाहेरून करायची धडपड त्यांना माहीत होती. परीक्षा आली की ते माझी गैरहजेरी मालकांपासून सांभाळून घ्यायचे. "येऊन गेलं की सकाळीच," असं सांगायचे आणि त्या शनिवारी कार्ड कोरं राहायचं. पाण्याला मात्र काही व्हायचं नाही.

आता ते सांगतो.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. दादासाहेबांच्या दोन नाती पुण्याहून सुट्टीला आल्या होत्या. धाकटी रेवा सात वर्षांची. नेमकी त्याच आठवड्यात गाळणीची मोटार जळाली. चार दिवस पाणी फिरलं नाही, वर कडक ऊन. तलाव पालकाच्या भाजीसारखा हिरवा झाला. मोटार दुरुस्त होऊन आली त्या शुक्रवारी मी सांगितलं की संध्याकाळी दोन किलो दाणेदार क्लोरीन टाका, सकाळी मी बघतो. मामांनी टाकलं.

शनिवारी सकाळी गेलो तर पाणी निळंशार. पोरी काठावर पाय सोडून बसल्या होत्या आणि आजोबांच्या मागं लागल्या होत्या, आता उतरू का, आता उतरू का. मामा लांब उभे होते, मुंडाशाचा शेव नाकाला लावून.

त्या दिवसांत सरांनी मुंबईहून नवीन गोळ्या आणल्या होत्या. जुने पिवळे थेंब तब्येतीला वाईट असं आता म्हणू लागले होते. या गोळीनं गुलाबी रंग यायचा. जितका गडद गुलाबी तितकं क्लोरीन जास्त. मी त्या आठ-दहा ठिकाणी वापरल्या होत्या आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा. नळी भरली, गोळी चुरून टाकली. क्षणभर गुलाबी झाक आल्यासारखं वाटलं आणि गेली. पाणी स्वच्छ, पांढरं, म्हणजे रंगच नाही.

"शून्य," मी म्हणालो. "शेवाळानं सगळं क्लोरीन खाल्लं."

"आसं कसं?" मामा जवळ आले. "नाकाला झोंबालंय, सायेब. कालचं आजून हाय त्यात. लई हाय."

"मामा, वासावर जाऊ नका. क्लोरीन कमी पडलं की असाच वास येतो."

"ह्यो त्यो वास न्हवं. त्यो वास मला म्हाईत हाय. ह्यो डब्यातल्या कोऱ्या पावडरीचा वास हाय."

"नळी समोर आहे की. दिसतंय ना पांढरं?"

ते नळीकडं बघत राहिले. दादासाहेब ऐकत होते, पोरी ऐकत होत्या. मामा इतकंच म्हणाले, "दिसतंय खरं."

मी कार्डावर शून्य लिहिलं. आणखी एक किलो टाका, पाचनंतर पोहायला हरकत नाही, असं लिहून सही केली.

साडेसहाला दादासाहेबांची जीप लॅबसमोर येऊन थांबली. बंगल्यावर पोचलो तेव्हा थोरली नात ओल्या फडक्यानं डोळे झाकून सोफ्यावर पडली होती. रेवाला दवाखान्यात नेलं होतं. तिचा खोकला थांबेना, श्वास घेता येईना, म्हणून ऑक्सिजन लावला होता. दादासाहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा, बघ आधी काय झालंय."

मी तलावाकडं गेलो. मामा तिथंच उकिडवे बसले होते. नळी भरली, गोळी टाकली. पुन्हा पांढरी. आता मात्र माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. वास नाकात नव्हे, डोक्यात जात होता. पेटीच्या तळाला जुन्या थेंबांची बाटली पडून होती. दुसरी नळी भरून तिच्यात ते थेंब टाकले. रंग पिवळा नाही, केशरी नाही, विटेसारखा तांबडा आला. पट्टीवर तो रंगच नव्हता. पट्टी त्याच्या कितीतरी आधी संपत होती.

दोन्ही नळ्या मी हातात धरून होतो. मामा माझ्या शेजारी बसून त्याच बघत होते. मी दोन्ही नळ्या गवतावर ओतल्या, पेटी बंद केली आणि व्हरांड्यात गेलो. मामा मागून आले.

"केमिस्ट, सकाळी किती सांगितलं होतंस?" दादासाहेबांनी विचारलं.

"एक किलो."

"शिदू, तू किती टाकलंस?"

"येकच, मालक. मापानं."

"एका किलोनं एवढं होतंय का रे, केमिस्ट?"

मी खोटं बोललो नाही. खोटं बोललो असतो तर निदान ते खोटं होतं असं आज म्हणता आलं असतं. पाण्यात आधी शून्य असेल तर एका किलोनं तसं होत नाही. प्रश्न एका किलोचा होता आणि मी उत्तर एका किलोचं दिलं.

"एका किलोनं नाही होणार," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. माझं आणखी एक वाक्य यायचं आहे आणि ते आलं की आपण बोलू, असं बघितलं. ते वाक्य आलं नाही.

"एकवीस वर्सं हाईस तू हितं, शिदू," दादासाहेबांचा आवाज चढला. "पोरीचा जीव गेला असता. उद्यापासनं येऊ नगंस."

मामांनी कडदोऱ्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि कठड्यावर ठेवला. "बरं," म्हणाले. मग पायरीवर थांबून विचारलं, "धाकलीचं कसं हाय आता?" दादासाहेब आत निघून गेले. मामा फाटकातून बाहेर गेले.

रेवा तीन दिवसांनी घरी आली. पूर्ण बरी झाली.

त्या शनिवारी रात्रीच मी लॅबमध्ये गोळ्यांच्या डबीतला इंग्रजी कागद उलगडला होता. पहिलं पान मी वाचलेलं होतं. मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की क्लोरीन फारच जास्त असेल तर आलेला रंग तेच क्लोरीन उडवून टाकतं आणि नळी पांढरी दिसते. शंका आल्यास नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून, पातळ करून पुन्हा तपासावं. सगळं छापलेलं होतं. मी ते पान उलटलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, दुसऱ्या दिवशी जाऊन का सांगितलं नाहीस. कारणं होती. सरांची लॅब बुडाली असती. घरी धाकटी दोन भावंडं माझ्या पगारावर शिकत होती. आणि आणखी एक कारण होतं, जे मी आजवर कुणाला बोललो नाही. चूक निघाली तर ती माझ्या एकट्याची धरणार नाहीत असं मला वाटत होतं. 'ह्यांना कुठं जमतंय' हे वाक्य मी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलेलं होतं, माझ्या समोरच, हसत म्हटलेलं. आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर होतो मी. हे कारण खोटं नव्हतं. पण त्या कारणाखाली मी एका माणसाला दडपून टाकलं, हेही खोटं नाही.

दादासाहेबांकडं मी त्यानंतरही जात राहिलो. नवीन माणूस आला, मी दर शनिवारी नमुना घेतला, कार्डावर सही केली. दादासाहेबांचा माझ्यावरचा विश्वास उलट वाढला होता. दर वेळी मी नळी एकदा सरळ आणि एकदा पातळ करून बघायचो. लॅबमध्ये नवीन पोरं आली त्यांनाही तेच शिकवलं. त्यांना वाटायचं मी फार काटेकोर आहे.

एकदा गेलो होतो शिदूमामांकडं. दोन-अडीच वर्षांनी. नृसिंहवाडीच्या गाडीत बसलो, स्टँडवर उतरलो, विचारत विचारत त्यांच्या खेड्यापर्यंत चालत गेलो. उसाच्या कडेला घर होतं. मामा अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते. मुंडासं नव्हतं, केस पांढरे झालेले दिसले. माझ्यात आणि त्यांच्यात शंभर पावलं असतील. बांधाशी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य काय म्हणायचं हे ठरवत राहिलो. मग मागं फिरलो. परत येताना वाडीत कवठाची बर्फी घेतली, कशासाठी तरी गेलो होतो असं वाटावं म्हणून. घरी आईनं पुडा बघून विचारलं, "वाडीला? आन तू कवापासनं दत्ताला जाया लागलास?" आमच्या घरात बुद्धवंदना होते. बर्फी भावंडांनी खाल्ली.

पुढं आकडा दाखवणारी यंत्रं आली, बंगलेवाले स्वतःच तपासायला लागले. दोन हजार आठ साली सरांनी लॅब बंद केली. मला साताऱ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. कोल्हापूर सोडायच्या आदल्या आठवड्यात मी दादासाहेबांना पत्र लिहिलं. पाच वेळा लिहून फाडलं, सहाव्यांदा पोस्टात टाकलं. त्यात सगळं लिहिलं: गोळी, पांढरी नळी, तांबडी नळी, एका किलोचं उत्तर, आणि शिदूमामांनी सकाळी सांगितलं होतं ते. खाली साताऱ्याचा पत्ता दिला. उत्तर आलं नाही. मी समजलो की त्यांनी ते फाडून टाकलं असेल, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपण आपलं केलं, असं.

यंदा जून महिन्यात मला फोन आला. बाईचा आवाज, पुण्याकडचं बोलणं.

"काका, तुम्ही नागाळा पार्कात आजोबांकडं पाणी तपासायला यायचात ना? मी रेवा."

दादासाहेब जाऊन वर्ष झालं होतं. बंगला विकायला काढलेला, ती कपाटं आवरत होती. माझं पत्र सापडलं, त्यावरून शोधत शोधत साताऱ्याच्या कॉलेजातून तिनं माझा नंबर मिळवला होता. मी काहीतरी बोलायला लागलो, माफीचंच, पण ती म्हणाली, "थांबा ना, मला सांगायचंय. हे पत्र आलं तेव्हा मी तिथंच होते."

सतरा वर्षांची होती तेव्हा, बारावीची परीक्षा देऊन आलेली. दादासाहेबांनी पत्र वाचलं, जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि जीप काढायला लावली. रेवाला बरोबर घेतलं. तासाभरात ती दोघं शिदूमामांच्या अंगणात होती.

"आजोबा उभ्याउभ्याच म्हणाले, 'शिदू, चुकलं माझं. चल परत.' मामा हसले. म्हणाले, 'आता कुटं मालक, गुडगं गेलं.' मग विचारलं, 'ह्ये पत्र त्यानं आपणहून लिवलंय?' आजोबा म्हणाले, व्हय. मग मामांनी माझ्याकडून ते पत्र वाचून घेतलं. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही त्यांच्या नाकाबद्दल लिहिलंय ना, तिथं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं."

मी विचारलं, मग काय म्हणाले?

"म्हणाले, 'येऊ दे की त्याला एकदा. मी काय खातोय व्हय त्याला?'"

परतीच्या वाटेवर तिनं आजोबांना विचारलं होतं, काकांना कळवूया का, पत्ता आहे पत्रावर. दादासाहेब म्हणाले होते, "ज्याला यायचं हाय त्यो येतोय. सांगावा कशाला धाडाय पायजे?" ती लहान होती, सुट्टी संपली, ती पुण्याला गेली आणि विसरली.

मामा त्यानंतर सहा वर्षं होते, असं रेवानं सांगितलं.